दुबईच्या वाळवंटात गाइडसोबत एटीव्ही सहल: कुटुंबासह जाताना काय पाहून ठरवावे?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही नाशिकहून दुबईला जात आहोत. सोबत यजमान, चौदा वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आहेत. ट्रॅव्हल एजंटने दिलेल्या कार्यक्रमात एका संध्याकाळी नेहमीची डेझर्ट सफारी आहे, म्हणजे लँड क्रूझरमधून वाळूच्या टेकड्यांवर फिरवणे, थोडा वेळ उंटावर बसवणे, मेंदी, जेवण आणि नाच. त्यातच 'क्वाड बाईक, वीस मिनिटे' अशी एक ओळ आहे. मुलाला ही वीस मिनिटे मान्य नाहीत. त्याने व्हिडिओ पाहून दीड-दोन तासांची स्वतंत्र सहल शोधून काढली आहे, ज्यात गाइड पुढे असतो आणि त्याच्या मागोमाग आपण आपापली एटीव्ही, म्हणजे हीच चारचाकी क्वाड बाईक, घेऊन मोकळ्या वाळवंटात जातो. तिचा दर मात्र संपूर्ण सफारीच्या दराहून कितीतरी जास्त आहे.

आमचा पूर्वानुभव म्हणाल तर लोणावळ्याला जुने टायर रचून आखलेल्या ट्रॅकवर मारलेल्या फेऱ्या, एवढाच. यजमान रोज मोटारसायकल चालवतात, त्यामुळे 'चार चाकांवर पडायचे कसे?' असा त्यांचा सवाल आहे. मी स्कूटर चालवते आणि मला कमरेच्या मणक्याचा जुना त्रास आहे.

या स्वतंत्र सहलीत आणि सफारीतल्या वीस मिनिटांत खरोखर एवढा फरक असतो का, की नुसते पैसे वाढवलेले असतात? गाइड चांगला आहे की नाही हे इथे बसून कसे ओळखावे? चौदा वर्षांच्या मुलाला ही गाडी चालवू द्यावी का, की त्याला वडिलांच्या मागे बसवावे? कृपया जाणकारांनी सविस्तर लिहावे. एजंटला विचारले की तो प्रत्येक प्रश्नाला 'काही काळजी करू नका मॅडम' एवढेच उत्तर देतो.

शारजाहवासी

ताई, फरक आहे आणि तो पैशांपेक्षा जमिनीचा आहे. सफारीतली वीस मिनिटे बहुतेक वेळा कॅम्पजवळच्या दोरी लावून बंद केलेल्या सपाट तुकड्यावर काढायची असतात. तिथे रांगेत उभे राहायचे, गाडी मिळाली की गोल फिरायचे आणि शिट्टी वाजली की उतरायचे. लोणावळ्यात आपण जे केले आहे तेच इथे लाल वाळूवर होते. तुम्ही म्हणता ती स्वतंत्र सहल लाहबाबच्या किंवा अल बदायरच्या खऱ्या टेकड्यांवर जाते. दोन्ही जागा दुबईहून हत्ताकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला, शहरापासून साधारण पाऊण-एक तासावर आहेत. बदायर शारजाहच्या हद्दीत येते आणि तिथली 'बिग रेड' नावाची टेकडी पायथ्यापासून सुमारे १०० मीटर उंच आहे. लोह-ऑक्साइडमुळे वाळूला जो तांबूस रंग येतो तो इथे सकाळच्या उन्हात फार सुंदर दिसतो, हे कबूल करायलाच हवे.

मात्र खऱ्या टेकडीवर गाइड का लागतो हे समजून घ्यावे. वाळूच्या टेकडीची वारा येतो ती बाजू लांबट आणि घट्ट असते, तर आडोशाची बाजू एकदम कोसळते. त्या बाजूला कोरडी वाळू जास्तीत जास्त जेवढ्या उतारावर तग धरू शकते, म्हणजे सुमारे ३३-३४ अंश, तेवढा उतार असतो. वर चढताना आपल्याला समोर फक्त आकाश दिसते. माथ्यापलीकडे उतार आहे, खड्डा आहे की दुसऱ्या गटातला एखादा माणूस अडकून उभा आहे, हे कळायला मार्ग नसतो. नवखा माणूस चढताना जोर लावतो आणि तोच जोर माथ्यावरही कायम ठेवतो, त्यामुळे पुढची चाके हवेत जातात आणि गाडी नाकावर आपटते. चांगला गाइड माथ्याच्या अलीकडेच वेग कमी करायला शिकवतो, स्वतः आधी पलीकडे जाऊन पाहतो आणि मग हात वर करून एकेकाला बोलावतो. त्याच्या चाकोरीतूनच जायचे असते. 'मी जरा बाजूने घेऊन बघतो' हा उत्साह तिथे चालत नाही.

आता इथे बसून काय विचारायचे ते सांगतो. एका गाइडमागे किती गाड्या असतात, हा पहिला प्रश्न. चार-पाच असतील तर ठीक. दहा-बारा सांगितल्या तर शेवटच्या गाडीला गाइड दिसतही नाही, म्हणून रांगेच्या शेपटीला दुसरा माणूस असतो का ते विचारावे. सपाट जागेवर सरावाची फेरी असते का, आणि त्या फेरीत एखाद्याला जमत नाही असे दिसले तर त्याला काय पर्याय देतात, हेही विचारावे. सांगितलेला तास प्रत्यक्ष गाडीवरचा आहे की हेल्मेट घालण्यापासून फोटो काढण्यापर्यंतचा सगळा त्यात धरला आहे, ते लेखी घ्यावे. कारण व्हॉट्सॲपवर 'वन अवर' आणि तिथे गेल्यावर पस्तीस मिनिटे, हा इथला जुना अनुभव आहे. या प्रश्नांना जो नीट, न वैतागता उत्तरे देतो त्याच्याकडेच जावे, मग तो थोडा महाग का असेना.

वेळेबद्दलही एक सांगायचे आहे. सगळ्यांना सूर्यास्त हवा असतो. डिसेंबरअखेर सूर्य साधारण साडेपाचच्या सुमारास मावळतो, आणि त्याआधीच्या तासाभरात बिग रेडच्या आसपास भाड्याच्या क्वाड, स्थानिक पोरांच्या बग्ग्या आणि सफारीच्या लँड क्रूझर यांची एकच गर्दी उसळते. शिवाय पश्चिमेकडे तोंड केले की डोळ्यांवर ऊन येते आणि समोरचे काही दिसत नाही. सकाळची वेळ घ्यावी. ऊन तिरपे असल्यामुळे वाळूतली प्रत्येक वळी सावलीने उठून दिसते, दवामुळे वरचा थर थोडा घट्ट असतो आणि वाळवंट बरेचसे रिकामे असते. भर दुपारी डिसेंबरात गरम होत नाही, पण डोक्यावरच्या उन्हात चढ-उतार सपाट दिसू लागतात आणि खड्डा चाकाखाली आल्यावरच समजतो. हिवाळ्यात कधीकधी पहाटे दाट धुके पडते, तेव्हा हॉटेलवरून न्यायला येणारी गाडी उशिरा आली तर ड्रायव्हरवर चिडू नये. तो धुक्यात सावकाश आला हे बरेच झाले.

वंगणवाला

वरचा प्रतिसाद उत्तम आहे. मी यंत्राविषयी लिहितो, आणि मुख्यतः आपल्या यजमानांसाठी लिहितो, कारण या गाडीवर मोटारसायकलवाल्यांचीच फसगत अधिक होते.

मोटारसायकल वळणात झुकते आणि आपण तिच्यासोबत झुकतो. एटीव्ही झुकत नाही. तिला वळवण्यासाठी अंग आतल्या बाजूला न्यावे लागते, चढावर पुढे आणि उतारावर मागे सरकावे लागते. खेळासाठीच्या बऱ्याच क्वाडमध्ये मागचा आस एकसंध असतो, म्हणजे मागची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरतात. त्यामुळे नुसते हँडल वळवले तरी गाडी सरळच रेटत राहते आणि मग माणूस घाबरून हँडल आणखी पिळतो. ॲक्सिलरेटर मुठीत नसून उजव्या अंगठ्याखाली असतो. दचकल्यावर आपण मूठ घट्ट आवळतो, आणि त्याच वेळी अंगठा दाबला गेला तर गाडी थांबण्याऐवजी उसळते. सरावाच्या फेरीत अंगठा सोडून थांबण्याची सवय जाणीवपूर्वक करून घ्यावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पायांची. मोटारसायकल कलली की पाय जमिनीला टेकवायचा हे आपल्या अंगात भिनलेले असते. एटीव्हीवर हेच करू नये. पाय खाली टेकला की मागचे चाक त्याच पायावर चढते, आणि घोटा किंवा नडगी मोडण्याचे हे नेहमीचे कारण आहे. गाडीचे वजन अडीचशे किलोच्या आसपास असते. ती पायाने सावरण्याची वस्तू नव्हे. काहीही झाले तरी पाय पायटावर, म्हणजे पाय ठेवायच्या जागेवरच ठेवावेत. सँडल तर नकोच, घोटा झाकणारे बूट हवेत.

चढावर गाडी दमली आणि थांबली, तर ती तिथल्या तिथे आडवी वळवण्याचा प्रयत्न करू नये. उतारावर आडवी झालेली चारचाकी कोलांटी खाते, आणि 'चार चाकांवर पडायचे कसे' याचे उत्तर तिथे मिळते. ब्रेक धरून बसावे, हात वर करावा आणि गाइडला येऊ द्यावे. त्याला त्याचेच पैसे मिळतात.

मुलाला वडिलांच्या मागे बसवण्याचा विचार कृपया करू नये. सीट लांब दिसते म्हणून ती दोघांसाठी आहे असे वाटते, पण ती लांबी चालवणाऱ्याला पुढे-मागे सरकता यावे म्हणून ठेवलेली असते. मागे दुसरा माणूस आला की ती हालचालच बंद होते आणि चढावर सगळे वजन मागच्या चाकांपलीकडे जाते. दोघांसाठी मुद्दाम बनवलेली लांब एटीव्ही असते, पण भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक गाड्या तशा नसतात. सोळा वर्षांखालील मुलांनी मोठ्यांची एटीव्ही चालवू नये, हा अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा यंत्रणेचा आणि तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा अनेक वर्षांचा सल्ला आहे, आणि तो देण्याची वेळ त्यांच्यावर अपघात पाहूनच आली. होंडाने १९७० मध्ये आणलेली तीनचाकी एटीव्ही इतकी उलटत असे की १९८८ मध्ये तिथल्या कंपन्यांना नव्या तीनचाकींची विक्रीच बंद करावी लागली. चौथे चाक आल्याने धोका कमी झाला, पण तो संपला नाही. चौदा वर्षांचा मुलगा उंच असला तरी वजनाने हलका असतो, आणि या गाडीला चालवणाऱ्याचे वजन हेच अर्धे स्टिअरिंग असते. काही कंपन्या चौदाव्या वर्षीही गाडी हातात देतात. त्यांनी दिली म्हणून आपण घ्यावी असे नाही.

त्याच्यासाठी डून बग्गी पाहावी. पोलारिस किंवा कॅन-ॲमच्या दोन किंवा चार आसनी बग्ग्या तिथे सर्रास मिळतात. त्यांना लोखंडी सांगाडा, बादलीसारख्या खोल सीट आणि खांद्यावरून येणारे पट्टे असतात, स्टिअरिंग मोटारीसारखे असते, आणि उलटली तरी माणूस आतच राहतो, अर्थात पट्टा बांधलेला असेल आणि हात बाहेर काढलेले नसतील तर. मुलाने शेजारी बसावे आणि वडिलांनी चालवावे. थरार तिथेही कमी नाही.

गाडी ताब्यात घेण्याआधी इंजिन बंद असताना अंगठ्याचा खटका दाबून सोडून पाहावा. तो ताडकन मागे यायला हवा. वाळू जाऊन तो रेंगाळत असेल तर दुसरी गाडी मागावी. दोन्ही ब्रेक दाबून गाडी ढकलून पाहावी. टायर मऊ लागले तर मात्र तक्रार करू नये, वाळूसाठी हवा मुद्दाम कमी ठेवलेली असते.

माळरान

थोडे विरुद्ध मत मांडतो, राग नसावा. सहा-सात हजार रुपये माणशी खर्चून वाळवंटात इंजिनाचा आवाज ऐकायला जाण्यापेक्षा वाळवंटच पाहावे, असे मला वाटते. दुबईने २००३ मध्ये सुमारे २२५ चौरस किलोमीटरचे संरक्षित वाळवंट राखून ठेवले आहे. तिथे क्वाड बाईकला प्रवेश नाही, परवानगी असलेल्या मोजक्याच संस्था ठरलेल्या वाटांनी गाडी नेतात आणि अरबी ओरिक्स नावाची पांढरी, लांब शिंगांची हरणे जवळून दिसतात. ही जात १९७० च्या दशकात रानातून नाहीशी झाली होती आणि पाळीव कळपांतून ती परत सोडण्यात आली, हे चौदा वर्षांच्या मुलाला सांगण्यासारखे आहे. आजीही त्यात सहभागी होऊ शकतील.

लाहबाबला जाणारच असाल, तर गाइडला एवढे बजावावे की झुडपांच्या आणि घाफच्या झाडांच्या जवळून गाड्या नेऊ नका. घाफ म्हणजे आपली शमी, दसऱ्याला जिची पूजा होते तीच, आणि ती अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष आहे. तिची मुळे खूप खोल जातात, पण नुकतेच उगवलेले रोप चाकाखाली सापडले की तिथेच संपते.

शारजाहवासी

माळरान, आपला मुद्दा योग्य आहे, परंतु दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिवशी करता येतात. मुलाने एटीव्ही मागितली असताना त्याला ओरिक्स दाखवले तर तो पुढचे चार दिवस हॉटेलच्या खोलीत मोबाइल घेऊन बसेल. झाडांबाबतचा इशारा मात्र शंभर टक्के बरोबर आहे.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. यजमानांना 'वंगणवाला' यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. पायांचा परिच्छेद त्यांनी पुन्हा वाचायला लावला आणि नंतर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मुलगा बग्गीला तयार झाला आहे. बग्गी एटीव्हीपेक्षा 'भारी' दिसते हे त्याने स्वतःच शोधून काढले, तेव्हा तो प्रश्न मिटला.

आता माझा आणि सासूबाईंचा प्रश्न उरतो. माझ्या कमरेतल्या एल४-एल५ या दोन मणक्यांमधल्या चकतीचा त्रास सध्या शांत आहे. मी एटीव्ही चालवावी का, की बग्गीत मागे बसावे? आणि सासूबाईंना संध्याकाळच्या सफारीला न्यावे का? त्यांना उंट आणि वाळवंट पाहायचे आहे, आणि त्या तशा काटक आहेत.

फिजिओ_सातारा

आपली तपासणी न करता ठाम सल्ला देणे योग्य होणार नाही, म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारावेच. सर्वसाधारणपणे सांगायचे तर चकतीला त्रास होतो तो बसून खाल्लेल्या धक्क्यांचा. माथ्यावरून उतरताना गाडी आपटते, तो दणका सीटमधून थेट कण्यात जातो, आणि त्याच क्षणी आपण कमरेत वाकून हँडल धरलेले असते. वाकलेला कणा आणि वरून भार, ही चकतीसाठी सर्वांत वाईट जोडी आहे. सराईत चालक खडबडीत जागी पायटावर अर्धवट उभे राहतात आणि गुडघ्यांत धक्का झेलतात. पण त्यासाठी मांड्यांत ताकद लागते आणि नवख्या माणसाला भीतीमुळे तसे उभे राहणे सुचत नाही.

बग्गी सुरक्षित असली तरी आपल्या कमरेसाठी ती एटीव्हीपेक्षा बरी असेलच असे नाही. तिथे आपण पट्ट्याने जखडलेले असता, उठून धक्का चुकवता येत नाही, आणि समोर काय येणार हे चालवणाऱ्याला कळते तसे शेजारी किंवा मागे बसलेल्याला कळत नाही. माझे मत विचाराल तर आपण सपाट जागेवरच्या सरावाच्या फेरीत एटीव्ही चालवून हौस भागवावी आणि टेकड्यांवर जाऊ नये. पायांत मुंग्या येणे किंवा कळ उतरणे असे काही गेल्या काही महिन्यांत झाले असेल, तर ती फेरीही टाळावी.

आजींच्या बाबतीत उलट गोष्टीकडे लक्ष वेधतो. सगळे एटीव्हीला घाबरतात आणि लँड क्रूझरमधल्या डून बॅशिंगला, म्हणजे टेकड्यांवरून गाडी जोरात चढवण्या-उतरवण्याला, निरुपद्रवी समजतात. सत्तरीनंतर हाडे ठिसूळ झालेली असू शकतात, विशेषतः स्त्रियांची, आणि अशा वेळी बसल्या जागी बसलेल्या एका जोरदार धक्क्यानेही मणक्याला चीर जाऊ शकते. त्या काटक आहेत, यावरून हाडांचा अंदाज येत नाही. त्यांना डून बॅशिंगच्या गाडीत बसवू नये. बहुतेक कंपन्यांकडे कॅम्पपर्यंत सरळ वाटेने नेणारी गाडी असते. ती आधी सांगून ठरवावी लागते, ऐन वेळी मिळत नाही. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो आणि स्वार पुढे फेकला जातो, तेव्हा उंटावर बसायचे की शेजारी उभे राहून फोटो काढायचा, हे त्यांच्या गुडघ्यांना विचारून ठरवावे.

शारजाहवासी

थोडे पैशांचे आणि कागदांचे राहिले होते. सहलीआधी एका फॉर्मवर सही घेतात. इजा झाल्यास जबाबदारी आपली आणि गाडीचे नुकसान झाल्यास भरपाई आपली, असे त्यात साधारण लिहिलेले असते. हा भरपाईचा भाग आधी वाचावा. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाकडून बग्गीच्या जुन्याच ओरखड्याचे पैसे मागितले गेले होते. गाडी घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढला होता म्हणून ते सुटले. तो व्हिडिओ काउंटरवरच्या माणसाच्या देखत काढावा. अनामत रक्कम घेत असतील तर पावती घ्यावी आणि पासपोर्ट मात्र ठेवायला देऊ नये, फोटोप्रत पुरते.

प्रवास विमा एजंटने काढून दिला असेल, तर त्यात साहसी खेळ वगळले आहेत का ते पाहावे. अनेक साध्या पॉलिसींमध्ये ते वगळलेले असतात आणि थोडा जादा हप्ता भरून समाविष्ट करता येतात. परदेशी रुग्णालयातल्या हाड बसवण्याच्या खर्चापुढे तो हप्ता काहीच नाही. रुग्णवाहिकेसाठी इथे ९९८ आणि पोलिसांसाठी ९९९ हे क्रमांक आहेत. टेकड्यांत मोबाइलला रेंज येतेच असे नाही, त्यामुळे गाइडकडे वॉकीटॉकी किंवा दुसरी काही सोय आहे का ते विचारून ठेवावे.

कपड्यांचे सोपे आहे. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, नाका-तोंडावर बांधायला सुती ओढणी किंवा तिथे मिळणारा शेमाघ, म्हणजे अरबी रुमाल. ओढणीचे टोक खोचलेले असावे, लोंबते नको. चष्मा असणाऱ्यांनी चष्म्यावर बसणारा गॉगल आहे का ते आधी विचारावे. मोबाइल खिशाच्या चेनमध्ये ठेवावा, वाळूत पडलेला मोबाइल सापडत नाही.

आणि बुकिंगचे आजच पाहा. २०२२ पासून दुबईतली सरकारी साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवार झाली आहे आणि शुक्रवारी अर्धा दिवस असतो, म्हणून शक्यतो सोमवार ते गुरुवारमधली सकाळ घ्यावी. आपण येणार तो आठवडा नाताळ आणि नववर्षाचा आहे. सकाळच्या लहान गटांच्या जागा आधी संपतात आणि मग उरतो तो चार वाजताचा, वीस गाड्यांचा ताफा. तारीख ठरली की इथे कळवा. मी शुक्रवारी लाहबाबच्या बाजूला जाणार आहे, तेव्हा तिथल्या दोन-तीन ठिकाणी सरावाची फेरी कशी घेतात ते पाहून लिहितो.